दोन नावांचं पातेलं

भांडीखोलीच्या दाराला दोन कुलपं होती. एकाची किल्ली बाळूकाकांच्या देवघरात निघाली. दुसरीची शोधूनही सापडली नाही, तेव्हा ते कुलूप कापलं. दार आत ढकललं गेलं आणि जमलेल्या सगळ्यांनी नाक वर केलं, काहीतरी ओळखीचं येईल म्हणून. आला तो फक्त बंद पितळेचा वास. लहानपणी नळाची तोटी तोंडात धरली की जिभेवर जी चव यायची, तसा.

मी आईच्या मागे उभी होते. सकाळच्या एसटीनं सिन्नरहून आले होते. आपल्याला आज काहीतरी वाटेल, अशी तयारी ठेवून आले होते. काही वाटलं नाही. ताप असेल म्हणून कपाळाला हात लावावा आणि कपाळ गार लागावं, तसं झालं.

जुन्या नाशकातल्या आमच्या गल्लीची स्वतःची भांडी होती. लग्न, बारसं, दहावं, ईद, सत्यनारायण, कुणाच्याही घरचं काही असो, भांडी याच खोलीतून जायची आणि घासून याच खोलीत परत यायची. खोलीत दोन फळ्या होत्या. एक साध्या स्वयंपाकाची, एक मटणाची. एवढीच काय ती वाटणी. आमच्याकडची जावळं मटणाच्या फळीवर पार पडायची आणि साध्या फळीवरच्या मोठ्या कढईत शेजारच्या फातिमाचाचींचा शिरखुर्मा आटायचा. 

प्रत्येक भांड्यावर नाव असायचं, कारण प्रत्येक भांडं कुणाच्या तरी मागं दिलेलं असायचं. घरातलं माणूस गेलं की वर्षाच्या आत गल्लीला एक भांडं द्यायचं, हा नियम कुणी लिहिलेला नव्हता. कै. गंगूबाई यांच्या स्मरणार्थ. मर्हूम अब्दुलमियाँ यांच्या स्मरणार्थ. आणि भांड्याला मग त्याच नावानं हाक पडायची. लग्नाच्या सकाळी आचारी ओरडायचा, "वरणाला अब्दुल घ्या रे, भाताला शंकरराव लागेल." कुणीतरी आतून सांगायचं, "शंकररावला भोक पडलंय." "मग सखूबाई आण. आणि त्या गंगूबाईखालचा जाळ कमी कर, लागली ती खालून."

मला लहानपणी हे असंच असतं असं वाटायचं. माणूस मरतं, मग त्याचं पातेलं होतं, मग ते सगळ्यांच्या कामाला येतं. पुढे कॉलेजात मैत्रिणींना सांगितलं तर त्या हसल्या. मग मी ते सांगणं बंद केलं.

गडबडीनंतर ही खोली बंद झाली. गल्लीत त्या आठवड्याला 'गडबड' म्हणतात. गडबडीच्या आधी, गडबडीनंतर. मला हा शब्द सहन होत नाही. गडबड लग्नघरात असते, गाडी सुटताना असते. ज्यात माणसं मरतात तिला दंगल म्हणतात. हे मी लिहिलंय, छापलंय, सभांत मोठ्यानं वाचलंय. पण खरं सांगायचं तर 'दंगल' म्हणताना मी अडखळत नाही. 'दादा' म्हणताना अडखळते. 

त्या आठवड्यात माझा भाऊ महेश गेला. तो बावीसचा होता, मी दहाची. आणि त्याच आठवड्यात फातिमाचाची गेल्या. त्यालाही आता एकोणीस वर्षं झाली. यंदा मंडळाच्या बाळूकाकांनी मनावर घेतलं, खोली उघडायची, भांड्यांना कल्हई करायची, आणि सगळ्या गल्लीचं एक जेवण करायचं. आईनं ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी जाऊन पितळेचं मोठं पातेलं आणलं. दादाच्या नावानं आम्ही कधी भांडं दिलं नव्हतं. द्यायचं कुठे, खोलीच बंद होती.

फोनवर ती मला म्हणाली, "ये तू. चिठ्ठी लिहायचीय पातेल्याची."

"एवढ्यासाठी यायला कशाला पाहिजे? फोनवर सांगते ना काय लिहायचं ते."

"दोन नावं घालायचीत. महेशचं आणि फातिमाचं. आणि घालायची ती रशीदभाईंनीच."

रशीदचाचा म्हणजे फातिमाचाचींचे नवरे. गल्लीतल्या प्रत्येक भांड्यावरचं नाव त्यांच्या हातचं. दोघांचं नाव एका पातेल्यावर घालायचं, तर आधी चाचांना एक गोष्ट सांगावी लागणार होती. ती आम्ही दोघींनी एकोणीस वर्षांत एकमेकींनाही सांगितलेली नव्हती. 

*

चाचांचं दुकान म्हणजे घराची पुढची अडीच हात जागा. त्यात एक पाट, एक लोखंडी ठोकळा, बारीक छिन्नी आणि तिच्याहून बारीक वाटणारी हातोडी. भांडं ठोकळ्यावर आडवं घालायचं आणि टिंबाटिंबांनी अक्षर काढायचं. टिक टिक टिक, टिक. आमची भिंत आणि त्यांची भिंत एकच होती, त्यामुळे तो आवाज आमच्या घरात घड्याळासारखा असायचा. थांबला की कळायचं, चाचा जेवायला बसले.

चाचा उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकलेले. मराठी अक्षरं त्यांना यायची, पण ती नुसती आकार म्हणून. शब्द लावून ते कधी वाचायचे नाहीत. गिऱ्हाईकानं चिठ्ठी द्यायची, चाचांनी ती समोर खोचायची आणि जसंच्या तसं उतरवायचं. कुणी म्हणालं, चाचा, काय लिहिलंय बघा तरी, तर म्हणायचे, "मेरे को मत बता. पढ़ा तो हाथ चुकता." 

त्याचाच परिणाम म्हणजे गंगूबाईंची कढई. चिठ्ठी लिहिणाऱ्यानं खाली सूचना लिहिली होती. चाचांनी सूचनेसकट उतरवली. कढईच्या काठावर, अगदी बारीक टिंबांत, सुबक कोरलेलं आहे: कै. गंगूबाई यांच्या स्मरणार्थ मोठ्या अक्षरात. गंगूबाईंचा मुलगा चिडून कढई घेऊन आला, तेव्हा चाचींनी ती वाचून घेतली आणि इतक्या हसल्या की त्यांना खोकल्याची उबळ आली. त्यांना दमा होता. हसल्या की आधी शिट्टीसारखा आवाज यायचा, मग खोकला, मग पुन्हा हसू. मुलगाही शेवटी हसला. कढई तशीच खोलीत गेली.

उन्हाळ्यात, लग्नसराईच्या तोंडावर, सगळी भांडी गल्लीत बाहेर निघायची. बायका चिंच आणि राख घेऊन बसायच्या. नळाचं पाणी गल्लीभर वाहायचं आणि त्याला आंबट वास असायचा. मग कल्हईवाला यायचा. जमिनीत खड्डा करून भाता लावायचा. तापलेल्या पातेल्यात नवसागराची चिमूट पडली की पांढरा धूर उठायचा, नाकात झोंबायचा, आणि त्या धुरातून कथिलाचा बोळा फिरला की काळ्या तळाचा आरसा व्हायचा. आम्ही पोरं त्यात तोंडं बघायला भांडायचो. पातेल्यात सगळ्यांची तोंडं रुंद दिसायची.

रंगपंचमीला, रहाडीवर, म्हणजे रंगाच्या हौदावर जायच्या आधी, गल्लीत याच हंड्यांतून रंग कालवलेला असायचा. तो नंतर आठवडाभर निघायचा नाही आणि एखाद्या घरच्या पहिल्या भाताला गुलाबी छटा यायची. मोहरमला चाचींकडून खिचडा यायचा, गहू आणि डाळी आणि मटण एकजीव झालेलं, वर तळलेला कांदा. आई त्यासाठी आदल्या दिवशी आमच्याकडची हरभऱ्याची डाळ देऊन ठेवायची. "माझी डाळ आहे ना त्यात, मग मी वाढून घेणार," म्हणायची आणि दोनदा वाढून घ्यायची.

आमच्या घरात भांड्यांपेक्षा कागद जास्त. माझे वडील, अप्पा, सातपूरला कारखान्यात होते आणि युनियनची पत्रकं लिहायचे. गल्लीत त्यांना पत्रकवाले म्हणायचे. छापखान्यातून गठ्ठे यायचे, ओल्या शाईचा वास घेऊन. ते तिघांनी बसून दुमडायचे. दादाचा हात सगळ्यात जलद. अंगठ्याच्या नखानं तो अशी घडी दाबायचा की कागद पुन्हा उलगडायला तयार नसायचा. मी अक्षरं पत्रकांवर शिकले. 'कमळ'च्या आधी मला 'कामगार' वाचता आलं. उरलेली पत्रकं चाचींकडे जायची. त्या ती फळ्यांवर अंथरायच्या आणि त्यावर मसाल्याच्या बरण्या मांडायच्या. हळदीच्या बरणीखाली 'एकजुटीचा विजय असो' होतं. कितीतरी वर्षं ते तिथेच होतं, पिवळं पडत.

*

दादा दूध आणायला गेला होता. कर्फ्यू दोन तास उठवला होता. आईनं त्याला पिशवी दिली, किटली नको म्हणाली, किटली वाजते. त्यापुढचं मी सांगत नाही. जे सांगण्यासारखं आहे ते कुणालातरी माहीत आहे आणि जे मला माहीत आहे ते सांगण्यासारखं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला स्मशानात पोहोचवून आले. चार माणसांना परवानगी होती.

त्या दुपारचं ऊन मला दिसतं. दाराच्या फटीतून आत आलेली एक पट्टी, फरशीवर पडलेली. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. आई रडत होती, मोठ्यानं, एका सुरात, श्वास घ्यायला थांबून पुन्हा. अप्पा भिंतीला टेकून बसले होते. त्यांच्या खिशात गुलाबी कागद होता. अप्पा शांतता कमिटीवर होते, म्हणून त्यांना कर्फ्यूचा पास मिळालेला. गल्लीत तो एकट्या त्यांच्याकडेच होता. 

दारावर थाप पडली. तीन सलग, एक मागून. नाव ठोकणाऱ्या माणसाचा हात दारावरही तसाच पडतो.

"पत्रकवाले भाई. ओ पत्रकवाले भाई. फातिमा का दम नहीं बैठ रहा. पास लेके चलो ना दवाखाने तक."

अप्पा उठायला लागले. आईनं त्यांचं मनगट धरलं. बोलली काही नाही, नुसतं धरलं. मी बघत होते. अप्पा पुन्हा बसले. ज्यांनी आयुष्यभर एकजूट हा शब्द लिहिला, ते माझे वडील बसले. मी दहा वर्षांची होते, कडीला माझा हात पोहोचत होता, मीही बसून राहिले. बाहेर चाचा थोडा वेळ थांबले. मग चपलांचा आवाज गेला. थाप परत पडली नाही. 

संध्याकाळी पलीकडच्या भिंतीतून बायकांचा आवाज आला, तेव्हा आम्हाला कळलं.

अप्पांनी त्यानंतर एकही पत्रक लिहिलं नाही. कुणाला वाटलं मुलाचं दुःख, कुणाला वाटलं मालक लोकांनी दाबलं. सहा वर्षांनी ते गेले. ते ज्या गोष्टी लिहायचे त्या मग मी लिहायला लागले. कडक, सरळ, कुणाचीही भीड न ठेवता. कोण गप्प बसलं, कुणी दार लावून घेतलं, कोण साक्षीला आलं नाही, सगळ्यांची नावं घेऊन. एकच दार मी कधी लिहिलं नाही.

गडबडीनंतर दोन महिन्यांनी गल्लीत ठराव झाला, भांडी वाटून घेऊ. दोन सतरंज्या अंथरल्या आणि नावं वाचून एकेक भांडं इकडे-तिकडे ठेवायला लागले. थोडा वेळ ते सुरळीत चाललं. मग गल्लीच्या वर्गणीची भांडी निघाली, ज्यांवर नुसतं 'गल्लीतर्फे' होतं. मग एक कढई निघाली, जिच्यावरचं नाव झिजून फक्त 'यांच्या स्मरणार्थ' उरलं होतं. ती कोणत्या सतरंजीवर ठेवायची, यावर तासभर वाद. शेवटी कुणीतरी सगळी भांडी उचलून परत आत टाकली, नुसती टाकली, आणि प्रत्येक बाजूनं आपापलं कुलूप लावलं. कुणीच एकट्यानं उघडायचं नाही म्हणून. मग कुणीच उघडलं नाही. लग्नं हॉलवर व्हायला लागली.

*

खोली उघडल्यावर दुपारी बाळूकाका आमच्याकडे चहाला आले. हे मंडळाचे अध्यक्ष, अप्पांच्या बरोबरीचे. पातेल्याला हात लावून म्हणाले, "वहिनी, वजनदार घेतलंत. मी सांगतो काय लिहायचं. हुतात्मा महेश. एवढंच. भारी दिसेल."

"हुतात्मा कसला? दूध आणायला गेला होता तो," आई म्हणाली.

"अहो, मान असतो तो एक."

"आणि फातिमाचं नाव?"

बाळूकाकांनी कप खाली ठेवला. "त्याचं असंय वहिनी, त्या दम्यानं गेल्या. गडबडीत गेलेल्यांच्या यादीत नाव नाही त्यांचं. उद्या कुणीही येऊन म्हणेल, आमचा म्हाताराही त्याच आठवड्यात गेला. कुठवर घालायची नावं?"

"बाळू, तुझ्या यादीत जे नाहीत ते जिवंत आहेत का?"

"तसं नाही हो. पण कमिटीत विचारावं लागेल. पातेलं असं दोन्हीकडचं असेल तर..." ते माझ्याकडे वळले. "तू तरी सांग आईला. शिकलेली आहेस."

मी सांगितलं ते त्यांना नको असलेलंच होतं. जरा जोरातच सांगितलं. ते चहा अर्धा टाकून गेले. मग मी कागद ओढला आणि लिहून काढलं. मला लिहिताना थांबावं लागत नाही. आईला वाचून दाखवलं: द्वेषाच्या राजकारणाने ज्यांचा बळी घेतला आणि व्यवस्थेच्या उदासीनतेने ज्यांना मरणाच्या दारात लोटले, त्या सर्वांच्या स्मृतीस.

आईनं पूर्ण ऐकून घेतलं. "मावेल का हे पातेल्यावर?"

"बारीक घातलं तर मावेल."

"आणि यात महेश कुठाय?"

मी कागदाकडे पाहिलं. तो नव्हता.

"उदासीनता म्हणजे काय गं?" तिनं विचारलं. तिला ठाऊक होतं, तरी विचारलं. "म्हणजे मी अप्पांचा हात धरला ते का?"

एकोणीस वर्षांनी तिनं ते असं, भांडं सरकवावं तसं पुढे ठेवलं. मला वाटलं आता मी रडेन. नाही रडले. बाहेर भाजीवाल्याची गाडी गेली, मेथी पाच रुपये, मेथी पाच रुपये.

"अप्पा बाहेर गेले तर तेही परत येणार नाहीत असं मला वाटलं," आई म्हणाली. "का दुसरं काही वाटलं होतं, ते मला अजून कळलेलं नाही. कधी वाटतं, एवढंच होतं. कधी वाटतं, नाही, माझा गेला तर त्यांचीही जाऊ... " ती थांबली. "तसलं काही मनात आलं असेल तर मी नाही म्हणत नाही."

"आई."

"तू गप्प बस. तू लहान होतीस. मला एकच पाहिजे. त्याचं नाव कुणी घेत नाही माझ्यासमोर. सगळे घाबरतात. मी आले की विषय बदलतात. मला ते ऐकायचंय गल्लीत. भाताला महेश-फातिमा घ्या रे. महेश-फातिमा धुवायला टाका. लागली तर लागली, शिव्या घाला. पण नुसतं त्याचं नको. नुसतं त्याचं मला ऐकवणार नाही."

मी नवीन कागद घेतला. महेश आणि फातिमा यांच्या स्मरणार्थ. कै. नाही, मर्हूम नाही, हुतात्मा नाही. ओळीखाली काहीही सूचना लिहिली नाही.

*

चाचांच्या दुकानाची पुढची फळी आता बंद असते. नावं आता मशीनवर घालतात, भांड्यांच्या दुकानातच, पाच मिनिटांत. चाचा आतल्या खोलीत खिडकीपाशी बसले होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांचा चष्मा जाड झालाय, त्यामुळे ते सतत नवल वाटल्यासारखे दिसतात. 

"आओ भाभी. कौन, छोटी? कितनी दुबली हो गई. सिन्नर में खाना नहीं मिलता क्या? का भाषण देऊनच पोट भरतं?"

"भाषण दिलं की भूक लागते, चाचा."

"तो फिर दे मत." ते पातेल्याकडे बघून म्हणाले, "ये मशीन पे ले जाओ. मेरा ठोकळा कब का बिक गया. हाथ भी पहले जैसा नहीं."

"मशीनवर नाही घालायचं," आई म्हणाली. ती खाली बसली नव्हती. पदराचं टोक तिनं मुठीत धरलं होतं. "रशीदभाई, त्या दुपारी तुम्ही आला होतात. आम्ही घरात होतो. ऐकलं होतं आम्ही. हे उठत होते, मी धरून ठेवलं त्यांना."

मी भिंतीकडे बघत राहिले. आमच्या घराकडची भिंत. या बाजूनं ती हिरवी होती, हे मी विसरले होते.

"मालूम है," चाचा म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"आप रो रहे थे ना भाभी. गल्ली के नाके तक आवाज था. मैंने हाथ मारा और रोना बंद हुआ. पूरा बंद." त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "ऐकू आलं नसतं तर रडणं बंद झालं नसतं. म्हणून दुसऱ्यांदा नाही मारला हात."

पुढच्या गल्लीत कल्हईवाल्याचा भाता सुरू झाला होता.

"बरसों गुस्सा था," ते म्हणाले. "आपल्या दारावरून जायचो तेव्हा पायरीकडे बघायचो, वर नाही. पत्रकवाले गेले तेव्हा आलो मयताला, पण फूल नाही वाहिलं. हाथ में लिया था. नीचे डाल दिया."

"मी पाहिलं होतं ते," आई म्हणाली.

"माफी-बिफी मेरे को मत बोलो. वो उसको बोलने की बात थी, वो तो गई."

"नाही बोलत. नाव घालाल का तेवढं सांगा."

त्यांनी हात पुढे केला. मी चिठ्ठी दिली. त्यांनी ती उजेडाकडे धरली, जवळ घेतली, लांब धरली. मग माझ्यासमोर केली. "फातिमा किधर है इसमें?"

मी बोट ठेवलं. त्यांनी त्या अक्षरांवर स्वतःचं बोट फिरवलं, कान्यावर, वेलांटीवर. मराठी अक्षरं कोरण्यात आयुष्य गेलेला माणूस, बायकोचं नाव मराठीत कसं दिसतं ते पहिल्यांदा बघत होता. 

"छोटा है," ते म्हणाले. "मेरे को लगा था बड़ा होगा."

आईनं सांगितलं की कमिटी कदाचित पातेलं आत घेणार नाही. बाळूकाका विचारून सांगणार आहेत. चाचा म्हणाले, "बाळू को बोल, उसकी माँ का पतीला मैंने फुकट में ठोका था." मग म्हणाले, "न घेऊ दे. इधर रखेंगे. जिसको लगता वो ले जाएगा."

कपाटातून त्यांनी छिन्नी आणि हातोडी काढली, तेलाच्या फडक्यात गुंडाळलेली. पातेलं पाटावर आडवं केलं. एक टिंब मारून पाहिलं. पातेलं घंटेसारखं वाजलं आणि थरथरत राहिलं, टिंब पुसट उमटलं.

"ठोकळ्याशिवाय नाही होणार. आतून काहीतरी दाबून धरायला पाहिजे." त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. घरात लोखंडाचं काही नव्हतं. "छोटी, हाथ डाल अंदर. तळवा असा लाव, जोरात. मी हळू मारतो."

मी पातेल्यात खांद्यापर्यंत हात घातला. आत गार होतं. त्यांनी बाहेरून बोटानं जागा दाखवली तिथे मी तळवा दाबला. चिठ्ठी त्यांनी खिडकीच्या गजात खोचली. टिक. टिक टिक. आता पातेलं वाजत नव्हतं. आवाज हातातून वर येत होता, कोपरापर्यंत, मग खांद्यात. मी चिठ्ठीतल्या अक्षरांचा अंदाज घ्यायला गेले. 'म' झाला असेल, आता 'हे' असेल. लवकरच चुकले. आतून सगळी टिंबं सारखीच होती. ते कोणत्या नावावर आहेत ते मला कळत नव्हतं. मान वळवून बघता आलं असतं. मी बघितलं नाही.

चाचा मध्येच थांबले. "लगता क्या बेटा?"

"नाही," मी म्हणाले.

"लागतंय तिला," आई म्हणाली. ती आता आमच्या बाजूला खाली बसली होती, पातेल्याचा काठ दोन्ही हातांनी धरून. "तिला सांगता येत नाही. तुम्ही मारा."